ऑस्ट्रेलियातल्या राज्यांचं राजकारण आणि सरकारी नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नमध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारच्या एका खात्यात नोकरी करून मी निवृत्त झालो. तेव्हापासून पुण्याचे नातेवाईक, इथे नव्याने आलेली मराठी मुलंमुली आणि मंडळाच्या गणपतीत भेटणारे लोक तेच तेच प्रश्न विचारतात. एकदाची उत्तरं लिहून टाकतो. यात माझी मतं आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत.

कॅनबेराचं, म्हणजे केंद्राचं, सोडून राज्यांच्या राजकारणात एवढं काय आहे?

शाळा, सरकारी रुग्णालयं, पोलीस, तुरुंग, लोकल गाड्या, ट्राम, जमिनीची नोंद, पाणी हे सगळं राज्याकडे आहे. कॅनबेरात परराष्ट्र धोरण ठरतं, पण तुमच्या मुलाच्या शाळेत वर्ग कमी पडले तर फोन राज्याच्या मंत्र्याच्या कार्यालयात जातो. सहाही राज्यं देशापेक्षा जुनी आहेत. १ जानेवारी १९०१ ला ऑस्ट्रेलिया एक झाला, तोवर या सहा वसाहतींना आपापलं विधिमंडळ होतं. ती ऐट अजून गेलेली नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाने तर १९३३ साली सार्वमत घेऊन देशातून फुटून निघायचं ठरवलं होतं. दोन तृतीयांशाच्या आसपास मतदार बाजूने होते. अर्ज लंडनला गेला आणि तिथे तो दाखलच करून घेतला नाही.

मुख्यमंत्री आणि राज्यपाल आपल्यासारखेच का?

मुख्यमंत्र्याला प्रीमियर म्हणतात, काम तेच. राज्यपालाचं मात्र वेगळं आहे. भारतात राज्यपाल दिल्ली पाठवते. इथे प्रीमियर नाव सुचवतो आणि राजा थेट नेमणूक करतो, मध्ये कॅनबेरा येत नाही. १९८६ च्या ऑस्ट्रेलिया कायद्यानंतर हे पक्कं झालं. त्यामुळे ‘केंद्राचा माणूस राजभवनात’ हा आपला नेहमीचा वाद इथे संभवतच नाही.

राज्यपालाने प्रीमियरला घरी पाठवल्याचं गाजलेलं उदाहरण १९३२ चं. न्यू साउथ वेल्सचे जॅक लँग मंदीच्या काळात केंद्राशी पैशांवरून भांडत होते. सर फिलिप गेम यांनी १३ मे रोजी त्यांना बडतर्फ केलं. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी सिडनी हार्बर ब्रिजच्या उद्घाटनात लँग फीत कापणार, तोच डी ग्रूट नावाच्या घोडेस्वाराने तलवारीने ती आधीच कापून टाकली होती. त्या वर्षी लँगचे ग्रह काही ठीक नव्हते.

लॅमिंग्टन रोडचा आणि लॅमिंग्टन केकचा काही संबंध आहे का?

आहे, आणि हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. लॉर्ड लॅमिंग्टन १८९६ ते १९०१ क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते आणि १९०३ ते १९०७ मुंबई इलाख्याचे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या मुंबईतल्या त्या रस्त्याला त्यांचं नाव मिळालं. आजचं त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला काय सांगायचं ते तुम्हाला माहीत आहेच. चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळवलेला तो चौकोनी केक त्यांच्या किंवा त्यांच्या पत्नीच्या नावावरून आला असं मानतात. तो पहिल्यांदा कोणी केला यावर इथे अजून भांडणं चालतात.

ते एकटे नव्हते. फर्ग्युसन कॉलेजचे सर जेम्स फर्ग्युसन १८६९ ते १८७३ साउथ ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर होते. तिथलं जेम्सटाउन त्यांच्या नावाचं आहे आणि यॉर्क द्वीपकल्पावरचं एडिथबर्ग त्यांच्या पत्नीच्या. त्या लेडी एडिथ १८७१ मध्ये तिथल्या राजधानीत, ॲडलेडमध्येच वारल्या. पुढे १८८० मध्ये फर्ग्युसन मुंबईला आले. सिडनम कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते सर जॉर्ज क्लार्क, म्हणजे नंतरचे लॉर्ड सिडनम, १९०१ ते १९०३ व्हिक्टोरियाचे गव्हर्नर होते. १९०८ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालून त्यांना मंडालेला पाठवलं, तेव्हा मुंबईच्या गादीवर हेच होते. आणि भंडारदऱ्याचं विल्सन धरण ज्यांच्या नावाने ओळखतात ते सर लेस्ली विल्सन उलट्या दिशेने गेले: १९२३ ते १९२८ मुंबई, मग १९३२ ते १९४६ क्वीन्सलँड.

साम्राज्याच्या दृष्टीने या एकाच नोकरीतल्या बदल्या. फरक एवढाच, की ॲडलेडमध्ये फर्ग्युसनसाहेबांना निवडून आलेल्या मंत्र्यांचं ऐकावं लागे, मुंबईत तसं कुणी नव्हतं.

इथे आयएएससारखं काही असतं का?

नाही. एकच परीक्षा नाही, केडर नाही, जिल्हाधिकारी तर नाहीच. प्रत्येक जागेची जाहिरात निघते आणि प्रत्येक जागेसाठी नव्याने अर्ज करावा लागतो, अगदी शेजारच्या टेबलावर जायचं असलं तरी. केंद्राची नोकरी वेगळी, राज्याची वेगळी.

वशिल्याचा काळ इथेही होता. १८७८ च्या जानेवारीत व्हिक्टोरियात वरिष्ठ सभागृहाने सरकारचे पैसे अडवले, तेव्हा ग्रॅहम बेरी यांच्या सरकारने खात्यांतले वरिष्ठ अधिकारी आणि न्यायाधीशसुद्धा एका फटक्यात घरी बसवले. तो दिवस ‘ब्लॅक वेन्सडे’ म्हणून ओळखला जातो. पुढे १८८३ च्या कायद्याने नेमणुका मंत्र्यांच्या हातातून काढून स्वतंत्र मंडळाकडे दिल्या. मंडळ आलं तरी सगळ्यांना दार उघडलं असं नाही. लग्न झालं की बाईने कायम नोकरी सोडायची हा नियम केंद्राच्या सेवेत १९६६ पर्यंत होता. मी नोकरीला लागलो तेव्हा तशाच नियमामुळे वर्षानुवर्षं ‘तात्पुरत्या’ राहिलेल्या बायका निवृत्तीला आल्या होत्या. खात्याची खरी माहिती त्यांच्याकडेच असायची, आणि पेन्शन मात्र तुटपुंजं.

रोज नेमकं काय काम असतं?

बाहेरून वाटतं की धोरणं आखत बसतात. प्रत्यक्षात बराचसा वेळ पत्रांची उत्तरं लिहिण्यात जातो. कुणी नागरिक मंत्र्याला लिहितो की आमच्या स्टेशनवर छप्पर नाही. ते पत्र खात्यात येतं, त्याला क्रमांक मिळतो, कनिष्ठ अधिकारी मसुदा करतो, त्यावर चार जण सह्या करतात आणि शेवटी मंत्र्याच्या कार्यालयातला बावीस-तेवीस वर्षांचा सल्लागार त्यातला ‘तथापि’ काढून परत पाठवतो. मी असे किती ‘तथापि’ गमावले याचा हिशेब नाही.

विधिमंडळ चालू असलं की प्रश्नोत्तराच्या तासाची फाइल. मंत्र्याला काय विचारलं जाईल याचा अंदाज बांधून, आदल्या दिवशी प्रत्येक विषयावर एक पान तयार ठेवायचं: आकडे, तारखा, आणि विरोधक सत्तेत असताना त्यांनी काय केलं होतं ते. शेवटचा मुद्दा आम्ही लिहायचा नाही, तो मंत्र्याच्या राजकीय कर्मचाऱ्यांनी घालायचा. ही रेघ फार महत्त्वाची, आणि पुसट होते ती नेमकी इथेच. सत्ताधारी पक्षाचाच मागच्या बाकावरचा आमदार मंत्र्याला सोपा चेंडू टाकतो, त्या प्रश्नाला ‘डोरोथी डिक्सर’ म्हणतात. त्याचं उत्तर अर्थातच प्रश्नाच्या आधी तयार असतं.

सकाळचा चहा ही संस्था आहे. ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा, ही रीत कळायला मला वेळ लागला. खात्याच्या सेक्रेटरीला सगळे पहिल्या नावाने हाक मारतात, शिपाई नावाचा प्राणी नसतो, आपला कप आपण धुवायचा. मंत्र्याला मात्र ‘मिनिस्टर’च म्हणायचं. ‘साहेब’ ही सवय जिभेवरून उतरवणं मला इंग्रजी शिकण्यापेक्षा जड गेलं.

आणि एक रजा, जिचं भारतातल्या कुणालाही नवल वाटतं: लाँग सर्व्हिस लीव्ह. बरीच वर्षं नोकरी केली की काही महिन्यांची भरपगारी रजा. हिचा उगम १८६० च्या दशकात व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियाच्या सरकारी नोकरांत आहे. बोटीने इंग्लंडला घरी जाऊन यायचं तर महिने लागत, म्हणून. बोटी गेल्या, रजा राहिली. माझी सगळी रजा कोकणात गेली.

सरकार बदललं की अधिकारीही बदलतात का?

कनिष्ठ आणि मधले नाही. पूर्वी वरचेही नाही. खात्याचा प्रमुख कायम असे, मंत्री येत-जात. त्यामुळे तो मंत्र्याला तोंडावर ‘हे चुकीचं आहे’ म्हणू शकत असे. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून एकेका राज्याने वरिष्ठांना ठरावीक मुदतीच्या करारावर आणलं. कामगिरी सुधारेल असं कारण सांगितलं. सुधारली असेलही, आळशी खातेप्रमुख मीही पाहिले आहेत. पण कराराचं नूतनीकरण जवळ आलं की टिपणीतली भाषा मऊ होते, हेही मी पाहिलं आहे. माझ्या मते हा सौदा महागात पडला.

व्हिक्टोरियात खरा धक्का १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये बसला. आधीच्या लेबर पक्षाच्या (म्हणजे मजूर पक्षाच्या) सरकारच्या काळात स्टेट बँक बुडायला आली होती आणि ती १९९० मध्ये कॉमनवेल्थ बँकेला विकावी लागली. जॉन केन यांनी राजीनामा दिला आणि जोन कर्नर राज्याच्या पहिल्या महिला प्रीमियर झाल्या. मग लिबरल पक्षाचे जेफ केनेट मोठ्या बहुमताने आले. तीनशेहून अधिक शाळा बंद झाल्या, सरकारी वीज कंपनी तुकडे करून विकली, २१० नगरपालिकांच्या ७८ केल्या. आमच्या मजल्यावर रोज कुणाचा तरी निरोपाचा चहा असे. १९९९ मध्ये सगळे केनेट पुन्हा येणार म्हणत असताना ग्रामीण भागाने हात काढून घेतला आणि स्टीव्ह ब्रॅक्स तीन अपक्षांच्या पाठिंब्यावर प्रीमियर झाले. बंद झालेल्या शाळेपाशी राहणाऱ्या कुणालाही मेलबर्नमध्ये विचारलं नव्हतं. त्यांनी मतपेटीतून कळवलं.

निवडणूक लागली की ‘केअरटेकर’ काळ सुरू होतो. मोठा निर्णय नाही, मोठा करार नाही, नेमणूक नाही. त्या आठवड्यांत अधिकारी दोन जाड फायली बनवतात: लेबर आली तर लाल, लिबरल-नॅशनल आले तर निळी. दोन्हींत त्या त्या पक्षाची आश्वासनं कशी पुरी करता येतील, किती खर्च येईल, काय जमणार नाही. निकालानंतर एक फाइल नव्या मंत्र्याच्या टेबलावर जाते, दुसरी कुणीही वाचत नाही. न वाचलेल्या फायलीत माझं बरंच चांगलं लिखाण आहे.

कुठल्या राज्याच्या आठवणी सगळ्यात रंगतदार?

माझं मत साउथ ऑस्ट्रेलिया. मी तिथे नोकरी केली नाही, पण तिथून आलेल्या सहकाऱ्यांकडून इतकं ऐकलं की स्वतः तिथे असल्यासारखं वाटतं.

टॉम प्लेफर्ड १९३८ ते १९६५ सलग प्रीमियर होते. चेरीच्या बागा असलेला, साधा, काटकसरी माणूस. मतदारसंघांची मांडणी अशी, की ॲडलेडमधल्या प्रत्येक जागेमागे ग्रामीण भागात दोन. जास्त मतं मिळवूनही लेबर विरोधातच बसे. गंमत म्हणजे याच उजव्या माणसाने १९४६ मध्ये खासगी वीज कंपनी सरकारजमा केली, कारण राज्यात कारखाने आणायचे तर खात्रीची वीज हवी होती. त्याच्याच पक्षाचे वरिष्ठ सभागृहातले लोक चिडले आणि लेबरने पाठिंबा दिला.

मग लेबरचे डॉन डन्स्टन. वकील, उत्तम वक्ता. १९६७ मध्ये प्रीमियर झाले. १९६८ मध्ये लेबरला निम्म्याहून जास्त मतं पडली तरी त्याच जुन्या मांडणीमुळे सत्ता गेली. इथे एक माणूस लक्षात ठेवण्यासारखा आहे: स्टील हॉल. ज्या मांडणीमुळे ते प्रीमियर झाले, तीच त्यांनी दुरुस्त केली, आणि १९७० मध्ये हरले. राजकारणात असं क्वचित दिसतं. त्यांची आठवण कमी काढली जाते, हे मला खटकतं.

१९७० ते १९७९ हे डन्स्टन यांचं खरं पर्व. १९७२ मध्ये ते गुलाबी शॉर्ट्स घालून विधिमंडळात आले, तो फोटो आजही फिरतो. समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून काढणारं ते पहिलं राज्य, १९७५ मध्ये. रिकामी बाटली परत दिली की पैसे, हा कायदाही तिथलाच. १९७६ मध्ये सर डग्लस निकल्स हे पहिले आदिवासी राज्यपाल झाले. त्याच वर्षी भूकंप आणि लाटेने ॲडलेड बुडणार असं एका भविष्यवाल्याने सांगितलं, लोक घाबरले, तर प्रीमियरसाहेब ग्लेनेल्गच्या किनाऱ्यावर जाऊन उभे राहिले. लाट आली नाही. मधल्या काळात त्यांनी स्वयंपाकाचं पुस्तकही लिहिलं.

शेवट मात्र फायलींनी केला. पोलिसांच्या विशेष शाखेने राजकारणी, कामगार नेते, चळवळीतले लोक यांच्या हजारो नोंदी ठेवल्या होत्या, आणि सरकारला याबद्दल दिशाभूल करणारी माहिती दिली जात होती. न्यायमूर्ती व्हाइट यांच्या चौकशीत ते उघड झालं. जानेवारी १९७८ मध्ये पोलीस आयुक्त हॅरॉल्ड सॉल्सबरी यांना बडतर्फ केलं. शहर दोन गटांत विभागलं, मोठमोठ्या सभा झाल्या. रोमा मिचेल यांच्या आयोगाने सरकारचा निर्णय योग्य ठरवला. त्याच पुढे देशातल्या पहिल्या महिला राज्यपाल झाल्या. पण डन्स्टन यांची तब्येत ढासळली होती. फेब्रुवारी १९७९ मध्ये रुग्णालयातून, अंगावर गाऊन घालून, त्यांनी पत्रकारांसमोर राजीनामा जाहीर केला.

इथे भ्रष्टाचार नसतोच म्हणतात, खरं का?

अजिबात नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाचे दोन माजी प्रीमियर, ब्रायन बर्क आणि रे ओकॉनर, तुरुंगात गेले आहेत. क्वीन्सलँडची गोष्ट त्याहून मोठी. त्या राज्याने १९२२ मध्ये आपली विधान परिषद बरखास्त केली, त्यामुळे सरकारला अडवायला दुसरं सभागृह नाही. जो ब्येल्की-पीटरसन १९६८ ते १९८७ प्रीमियर होते. पत्रकार परिषदेला ते ‘कोंबड्यांना दाणे टाकणं’ म्हणत. १९७७ पासून रस्त्यावरच्या मोर्चांवर बंदी. पोलिसांतले वरिष्ठ जुगाराचे अड्डे आणि कुंटणखान्यांकडून हप्ते घेत होते. हप्ता म्हटल्यावर मुंबईकरांना वेगळं समजवायला नको.

११ मे १९८७ ला एबीसी वाहिनीवर पत्रकार ख्रिस मास्टर्स यांचा यावरच कार्यक्रम झाला. प्रीमियर राज्याबाहेर होते. कार्यभार सांभाळणारे बिल गन यांनी लगेच चौकशी जाहीर केली. चौकशी करणाऱ्या टोनी फिट्झजेराल्ड यांचं काम काही आठवड्यांत आटपेल अशी कल्पना होती, ते १९८९ पर्यंत चाललं. पोलीस आयुक्त टेरी लुइस तुरुंगात गेले, काही मंत्रीही गेले. १९८९ च्या डिसेंबरात ३२ वर्षांनी लेबर सत्तेवर आली, वेन गॉस प्रीमियर झाले. त्यांच्या कार्यालयात केव्हिन रड नावाचा एक तरुण अधिकारी होता, तो पुढे पंतप्रधान झाला.

एका दारूच्या बाटलीवरून प्रीमियर गेला, ही अफवा की खरं?

खरं. न्यू साउथ वेल्समध्ये निक ग्रायनर यांनी भ्रष्टाचारविरोधी आयोग स्थापन केला, आयसीएसी. १९९२ मध्ये त्याच आयोगाच्या निष्कर्षामुळे त्यांना जावं लागलं, आणि नंतर कोर्टाने तो निष्कर्ष रद्द केला. २०१४ मध्ये बॅरी ओफॅरेल साक्षीला गेले. सुमारे तीन हजार डॉलरची १९५९ ची ग्रेंज वाइन भेट मिळाली का? नाही, म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच हस्ताक्षरातली आभाराची चिठ्ठी समोर आली. त्यांनी राजीनामा दिला. आयोगाने त्यांना भ्रष्ट ठरवलं नाही, बाटली विसरलो हे त्यांचं म्हणणं होतं. माझा विश्वास बसतो. सौजन्यापोटी स्वतः पत्र लिहिणारा माणूस त्या सौजन्यानेच गेला.

मग फाइलवर सगळं लिहून ठेवतात का?

पूर्वी जास्त लिहीत. व्हिक्टोरियाने १९८२ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, भारताच्या तेवीस वर्षं आधी. कायदा चांगला, पण सावध माणसं फाइलऐवजी चिकटणाऱ्या पिवळ्या चिठ्ठीवर मत लिहू लागली. चिठ्ठी निघून जाते. माझ्या पहिल्या वरिष्ठांनी मला शिकवलं होतं: मंत्र्याने तोंडी सूचना दिली की जागेवर येऊन तारीख-वेळ घालून टीप लिहायची. एकदा एका कामात ‘हे खात्यानेच सुचवलं’ असं वरून सांगण्यात आलं, तेव्हा माझी ती टीप निघाली आणि विषय तिथेच संपला. नव्यांना मी बाकी काही सांगत नाही, हे सांगतो.

मतदान सक्तीचं आहे, न केल्यास?

दंड, फार मोठा नाही. सक्ती १९१५ मध्ये सर्वांत आधी क्वीन्सलँडने आणली. मतदान शनिवारी, बहुधा शाळेत, बाहेर सॉसेजचा स्टॉल. शाकाहारी मंडळींसाठी आता केकही असतात, त्यात लॅमिंग्टन असतोच.

राज्यांकडे पैसा येतो कुठून?

रडगाणं इथेही तेच आहे. १९४२ मध्ये युद्धासाठी केंद्राने आयकर आपल्याकडे घेतला आणि परत दिला नाही. २००० पासूनचा जीएसटी केंद्र गोळा करतं, पण सगळा राज्यांना वाटतं. कुणाला किती, हे १९३३ पासूनचा एक आयोग सुचवतो, आणि त्यावर पर्थ (पश्चिम ऑस्ट्रेलिया) आणि होबार्ट (टास्मानिया) यांचं कधी एकमत होत नाही.

मराठी मुलांनी राज्य सरकारात अर्ज करावा का?

जरूर. कायम जागांसाठी बहुतेक जाहिरातींत नागरिकत्व किंवा कायम रहिवास मागतात, तेवढं पाहा. पगार खासगी आयटीपेक्षा कमी, संध्याकाळ तुमची. आपली मुलं मुलाखतीत अडतात ती एकाच ठिकाणी: ‘आम्ही केलं, टीमने केलं’ म्हणत राहतात. समोरच्याला तुम्ही काय केलं ते हवं असतं. काय अडचण होती, तुम्ही कोणतं पाऊल उचललं, काय निष्पन्न झालं, हे ‘मी’ने सांगायचं. आजीने शिकवलेला विनय तेवढा तासभर बाजूला ठेवा.

तुम्ही स्वतःच्या आठवणी सविस्तर का लिहीत नाही?

मंत्रिमंडळाच्या कागदांतलं जे पाहिलं ते निवृत्तीनंतरही सांगायचं नसतं. ठरलेली वर्षं उलटली की ते कागद राज्यांची अभिलेखागारं खुले करतात. तोवर हॅन्सार्ड वाचा, विधिमंडळातला शब्द न् शब्द त्यात आहे. जुनी वर्तमानपत्रं ट्रोव्ह या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ॲडलेडच्या स्टेट लायब्ररीत सोमरव्हिल यांच्या नावाचा ध्वनिमुद्रित मुलाखतींचा संग्रह आहे. मंत्र्यांच्या आत्मचरित्रांपेक्षा मला अशा मुलाखती बऱ्या वाटतात. मंत्र्याच्या पुस्तकात प्रत्येक चांगली कल्पना मंत्र्याचीच असते.

पुढचा प्रश्न पाठवायचा असेल तर?

मंडळाच्या कार्यक्रमात गाठा. क्रिकेटवरचे प्रश्न घेत नाही.